कुष्ठरोगावर औषध शोधणाऱ्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्याची कृती मात्र गुपितच ठेवली

मुंबईत भायखळ्याच्या राणीबागेत पेंग्विन बघायला गेलात, तर शेजारीच एक देखणं म्युझियम दिसतं. नाव डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. बरेच जण त्याच्यासमोर सेल्फी काढून पुढे जातात. पण हे भाऊ दाजी कोण होते?

आज आयुर्वेद भारी की ॲलोपॅथी, यावरून फॅमिली ग्रुपवर भांडणं होतात. हा माणूस दीडशे वर्षांपूर्वी त्या दोन्हींच्या मधोमध उभा होता.

गोव्याचा मुलगा मुंबईत डॉक्टर झाला

भाऊंचं मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२० च्या दशकातला, गोव्यातल्या मांद्रे गावचा. घरची परिस्थिती साधीच. लहानपणी ते बुद्धिबळात इतके तरबेज होते, की एका इंग्रज माणसाने मुलाला इंग्रजी शिकवा म्हणून वडिलांना गळ घातली, असं सांगितलं जातं. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण झालं आणि तिथेच शिक्षकाची नोकरीही मिळाली.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. भाऊंनी नोकरी सोडून तिथे नाव घातलं. १८५१ साली कॉलेजची पहिली बॅच बाहेर पडली, त्यात भाऊ होते. पाश्चात्त्य वैद्यकाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या मुंबईच्या पहिल्या भारतीय डॉक्टरांपैकी ते एक.

धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. दोघांनी मिळून गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला.

डॉक्टर होऊनही जुन्या पोथ्या का उघडल्या?

त्या काळी इंग्रजी वैद्यक शिकलेले बरेच जण देशी औषधांकडे नाक मुरडून बघायचे. दुसरीकडे वैद्यांना हे नवे डॉक्टर परके वाटायचे. भाऊंना संस्कृत चांगलं येत होतं. जुनी नाणी, शिलालेख, कालिदास, आर्यभट यांच्यावर त्यांनी संशोधन केलं होतं. त्यामुळे जुन्या वैद्यकग्रंथांतल्या औषधांकडेही ते अभ्यासक म्हणून बघायचे. देशी औषध म्हणून ते टाकून द्यायचे नाहीत आणि पोथीत लिहिलंय म्हणून डोळे झाकून स्वीकारायचेही नाहीत. रुग्णांवर त्याचा गुण येतो का, हे ते बघायचे.

यातूनच ते कुष्ठरोगाकडे वळले. तेव्हा या रोगावर खात्रीचा इलाज कोणाकडेच नव्हता. रुग्णाला घरातून, गावातून बाहेर काढलं जायचं. इंग्रज डॉक्टरांकडे तरी काय होतं? रोग नेमका कशाने होतो हेच माहीत नव्हतं. कोणी आनुवंशिक म्हणायचं, कोणी संसर्गजन्य.

भाऊंच्या औषधाने रुग्णांना आराम पडतोय अशी बातमी पसरली आणि त्यांच्याकडे रीघ लागली.

गुपित का खटकलं?

पण औषधात काय आहे, हे भाऊंनी सांगितलं नाही. त्यांच्याच पेशातले डॉक्टर यावर नाराज झाले. कृती उघड केली तरच इतरांना ती तपासता येईल, खरं-खोटं ठरवता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. गुण येणारं औषध घराण्यात किंवा गुरू-शिष्यांतच ठेवायची पद्धत जुनी होती. नव्या वैद्यकाचा नियम मात्र उलटा होता. ज्ञान सगळ्यांसमोर मांडायचं आणि इतरांना चुका काढू द्यायच्या.

३१ मे १८७४ रोजी भाऊ गेले. त्यानंतर समोर आलं, की ते औषध कडू कवठाच्या बियांच्या तेलाचं होतं. पश्चिम घाटात होणारं हे झाड. संस्कृतात त्याला तुवरक म्हणतात आणि कुष्ठावरचं औषध म्हणून सुश्रुतसंहितेत त्याचा उल्लेख आहे.

मग जिंकलं कोण?

भाऊ जाण्याच्या एकच वर्ष आधी, १८७३ साली, नॉर्वेच्या हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला होता. कडू कवठाच्याच जातकुळीतल्या चालमोगऱ्याचं तेल १८५४ पासून युरोपीय डॉक्टरांच्याही वापरात येऊ लागलं होतं. पण ते पोटात घेतलं की मळमळायचं आणि घट्ट असल्याने इंजेक्शनही नीट देता यायचं नाही. १९१५ च्या सुमारास हवाईमधल्या ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ मुलीने त्यावर तोड काढली. इंजेक्शनने देता येईल असं रूप तिने तेलाला दिलं. पुढची काही दशकं जगभर कुष्ठरोगावर हाच मुख्य इलाज होता.

तरीही तेलाने सगळेच बरे व्हायचे नाहीत, अनेकांना रोग पुन्हा व्हायचा. १९४० च्या दशकात सल्फोन गटातली औषधं आली आणि तेल मागे पडलं. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाच वेळी अनेक औषधं देण्याची पद्धत सुचवली. आज ६ ते १२ महिन्यांच्या गोळ्यांनी कुष्ठरोग पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात हे उपचार फुकट मिळतात.

म्हणजे पोथीतलं झाड खोटं नव्हतं, पण ते पुरेसंही नव्हतं. ते किती खरं हे तपासातून कळलं आणि त्याहून चांगलं औषधही तपासातूनच मिळालं. भाऊंनी कृती वेळेत उघड केली असती, तर हा तपास मुंबईतच सुरू झाला असता का? याचं उत्तर आता मिळणार नाही.

भाऊ पुढे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. ज्या म्युझियमच्या उभारणीसाठी ते झटले, ते १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं आणि १९७५ साली त्याला त्यांचं नाव मिळालं. पुढच्या वेळी राणीबागेत गेलात, तर पेंग्विन बघून झाल्यावर तिथेही डोकावून या. आणि एखादा गुप्त नुस्खा फॉरवर्ड होऊन आला, तर तो कोणी, कुठे तपासलाय, एवढं आधी विचारा.