सव्वा डॉलरचा दिवा चाळीस सेंटला

१८६२ सालचा एप्रिल महिना. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले. शायलोच्या रणधुमाळीची बातमी डेट्रॉइटला पोचली आणि आगगाडीत वर्तमानपत्रे व खाऊ विकणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराने तारमास्तरला गाठले. त्याच्याकडून पुढच्या स्टेशनांवर फळ्यांवर बातमी लिहवून घेतली. रोज शंभरेक अंक घेणाऱ्या या पोराने उधारीवर हजार अंक उचलले. पाच सेंटचा अंक पुढे दहाला आणि शेवटी, पोर्ट ह्यूरनला, पंचवीस सेंटला गेला. गिऱ्हाईक अडलेले असले की भाव चढवावा, हे थॉमस अल्वा एडिसनला असे लहानपणीच उमगले होते.

म्हणूनच पुढची गोष्ट चकित करते. १८७९ मध्ये मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत त्याचा विजेचा दिवा लागला. साऱ्या जगाने डोळे विस्फारले. पण घरोघरी गॅसबत्ती होती, आणि कौतुकापोटी कोणी महागडा दिवा लावत नाही. एक दिवा बनवायला तेव्हा सुमारे सव्वा डॉलर लागे. एडिसनने मात्र पेटंटची मुदत संपेपर्यंत चाळीस सेंटला दिवे पुरवण्याचा करार केला! आपल्याकडचा एखादा वाणी हे ऐकून कपाळावर हात मारून घेता.

त्याने पुढे सांगितलेला हिशेब असा. पहिल्या वर्षी खर्च दिव्यामागे १ डॉलर १० सेंट. दुसऱ्या वर्षी तो ७० सेंटवर आला, पण खप वाढल्याने तोटाही वाढला. तिसऱ्या वर्षी खर्च ५० सेंट, आणि तोटा सर्वांत मोठा. चौथ्या वर्षी खर्च ३७ सेंटवर उतरला. दिव्यामागे सुटले अवघे तीन सेंट. पण खप इतका की मागचा सगळा तोटा त्या एका वर्षात भरून निघाला. शेवटी खर्च २२ सेंटवर आला. विक्रीचा भाव तोच, चाळीस.

खर्च उतरला तो नव्या यंत्रांमुळे आणि बदललेल्या पद्धतींमुळे. त्यातली एक हकिकत एडिसन मोठ्या फुशारकीने सांगे, आपल्याला मात्र ती ऐकताना अवघडल्यासारखे होते. काचेच्या गोळ्यात तंतूचा भाग वितळवून बसवणे हे कसबी हातांचे काम. शिकायलाच काही महिने लागत. असे ऐंशी कारागीर झाले आणि त्यांनी संघटना बांधली. आपल्यावाचून कारखाना चालणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. एडिसनने गुपचूप यंत्र बनवायला घेतले. अंगणातल्या साध्या मजुराला तासाभरात ते चालवता आले, तेव्हाच त्याचे समाधान झाले. मग अशी तीस यंत्रे कारखान्याच्या माळ्यावर लपवून ठेवली आणि एका रात्री सारी मांडामांड करून ठेवली. नंतर कचेरीतल्या पोऱ्याला कामावरून काढून टाकले.

अपेक्षेप्रमाणे संघटना संपावर गेली. कारखाना चालूच राहिला आणि ते कारागीर परत आले नाहीत. धंद्यात पैसा आहे हे दिसताच वॉल स्ट्रीटच्या धनिकांनी तो विकत घेतला.