लेनिनग्राडच्या थंडीत राहुलजी

महापंडित राहुल सांकृत्यायन यांचे 'व्होल्गा ते गंगा' हे पुस्तक मराठीत आले आणि हातोहाती फिरून वस्त्या-वस्त्यांत वाचले गेले. आम्हीही ते पाळीवरून आल्यावर वाचले. पण ह्या माणसाने रशियाच्या बर्फात काय काढले, हे आपल्या उपासक-उपासिकांना फारसे माहीत नाही. म्हणून हा लेख.

राहुलजींचा जन्म ९ एप्रिल १८९३ चा, आजमगढ जिल्ह्यातला. मूळ नाव केदारनाथ पांडे. लहानपणीच घरच्यांनी लग्न लावले, ते त्यांनी कधी मानले नाही. आधी साधू, मग आर्यसमाजी, आणि १९३० मध्ये श्रीलंकेत भिक्खू. तिबेटात चार वेळा गेले. भारतातून नाहीसे झालेले संस्कृत बौद्ध ग्रंथ तिथल्या मठांत शोधले. आचार्य धर्मकीर्तींचे 'प्रमाणवार्तिक' मूळ संस्कृतात पुन्हा मिळाले ते ह्याच खटपटीतून.

ह्या कामामुळेच लेनिनग्राडचे बौद्ध पंडित श्चेर्बात्स्की यांनी त्यांना बोलावून घेतले. १९३७ च्या नोव्हेंबरात राहुलजी तिथे पोचले. डिसेंबरात त्या शहरात दिवस सहा तासांचासुद्धा नसतो. नेवा नदी गोठून दगड होते. आम्ही साचेखात्यात उकाड्याने घामाघूम झालेली माणसे, आम्हाला त्या थंडीची कल्पना कुठून येणार! तिथे श्चेर्बात्स्कींच्या विभागात काम करणाऱ्या लोलाशी त्यांचे सूत जमले. चीवर सुटले. पण १९३८ च्या जानेवारीत राहुलजी परत निघाले, पुन्हा तिबेटकडे. सप्टेंबरात इगोर हा मुलगा झाला, तेव्हा बाप तिथे नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. लाल बावट्याखाली आम्हीही घोषणा दिल्यात, तरी लपवणार नाही. राहुलजी पोचले त्याच्या दोन महिने आधी श्चेर्बात्स्कींचे शिष्य व्होस्त्रिकोव यांना सरकारने गोळ्या घातल्या होत्या. ज्यांच्या खटपटीने त्या शहरात बुद्धविहार उभा राहिला ते लामा अग्वान दोर्जिएव १९३७ च्या नोव्हेंबरातच पकडले गेले नि जानेवारीत कैदेत वारले. विहार बंद पडला, तो १९९० मध्ये बौद्धांना परत मिळाला. राहुलजींना सोव्हिएत राज्याचे फार कौतुक होते. ती थंडी नुसती बर्फाची नव्हती, हे आज आपल्याला कळते.

मग लढाई आली. सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत जर्मनांनी लेनिनग्राडला वेढा घातला. पहिल्याच हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांच्याही खाली गेला. कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव, बाकीच्यांना १२५. पाण्याचे नळ गोठले, बायका नेवेच्या बर्फाला भोक पाडून पाणी नेत. शेगडीत टेबल-खुर्च्या गेल्या, पुस्तकंही गेली. लाखो माणसे भुकेने मेली. संपाच्या दिवसांत चूल थंड पडलेली आम्ही पाहिली आहे, पण ह्यापुढे ते काहीच नाही. श्चेर्बात्स्कींना शहराबाहेर कझाकस्तानात नेले होते, तिथे ते १९४२ मध्ये वारले. लोला आणि इगोर ह्या काळातून जिवंत वाचले.

राहुलजी तिकडे पुन्हा निघाले ते १९४४ मध्ये. परवान्यासाठी तेहरानमध्ये कित्येक महिने अडकले आणि १९४५ च्या जूनमध्ये लेनिनग्राडला पोचले. इगोर तेव्हा सातव्या वर्षात होता. विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली. दोन हिवाळे त्यांनी रेशनकार्डावर काढले, आणि ग्रंथालयांत बसून मध्य आशियाच्या इतिहासाची टिपणे जमवली. पुढे त्याच ग्रंथाला १९५८ मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. आणि ह्या सगळ्या मुक्कामावर 'रूस में पच्चीस मास' हे पुस्तकही लिहिले.

१९४७ मध्ये ते परत आले, बायको-मुलगा मागेच राहिले. इथे पुढे त्यांनी दुसरा संसार मांडला. आम्ही राहुलजींना फार मानतो. पण लोलाबाईंचा विचार मनातून जात नाही. पुस्तकांवर नाव राहुलजींचे आले, आणि बर्फातले पोर एकटीने वाढवले ते त्या बाईने.

१९६१ च्या अखेरीस राहुलजींना आजाराचा झटका आला आणि स्मृती गेली. एवढ्या भाषा जाणणारा माणूस, त्याला माणसेसुद्धा ओळखू येईनात. १९६२-६३ मध्ये औषधपाण्यासाठी पुन्हा रशियात नेले, उतार पडला नाही. १४ एप्रिल १९६३ रोजी, म्हंजे भीमजयंतीच्याच दिवशी, दार्जिलिंगला त्यांचे निधन झाले. इगोर तेव्हा चोवीस वर्षांचा होता.