बायेरिंकशी पडलेली गाठ

गेल्या वर्षी मी द हेगमध्ये हरभरा लावला. हसू नका! उगवला छान, वीतभर वाढला, आणि मग हळूहळू पिवळा पडत गेला. खालची पानं आधी, मग वरची. मी रोज ऑफिसमधून आल्यावर सायकलवरून जाऊन बघत होतो आणि रोज तो आणखी पिवळा दिसत होता.

थोडं मागचं सांगतो. मी पेशाने आयटी कन्सल्टंट, शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं. मातीशी संबंध म्हणजे बार्शी तालुक्यातली आमची शेती, आणि तीही बाबा आणि काका बघतात. मी फक्त सुट्टीत जाऊन हुळा खाणार! इथे आल्यावर मात्र काय झालं कोण जाणे, शहराच्या कडेला भाड्याने मिळणाऱ्या बागेच्या तुकड्यासाठी नाव नोंदवलं. डच लोक त्याला फोल्क्सटाउन म्हणतात. बऱ्याच दिवसांनी नंबर लागला, तेव्हा मेथी आणि कोथिंबीर झाल्यावर मान हरभऱ्याला मिळाला.

शेजारच्या तुकड्यावर एक रिटायर्ड डच आजोबा असतात. त्यांनी माझं एक रोप सरळ उपटलं आणि मुळं पाण्यात धुतली. मुळं स्वच्छ, गुळगुळीत. मग त्यांनी स्वतःचं टाउनबोनचं रोप उपटलं (ही आपल्या वालाच्या नात्यातली जाड शेंग). त्याच्या मुळांवर मोहरीएवढ्या, कुठे ज्वारीएवढ्या गाठीच गाठी! तुझ्या रोपाला कामाची माणसं मिळाली नाहीत, असं काहीसं ते म्हणाले.

रात्री बाबांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पाकिटाचा. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम लावलं होतंस का? मी कसलं लावतोय! आमच्याकडे दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून चोळतात, बी सावलीत वाळवतात आणि त्याच दिवशी पेरतात. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. हे मी लहानपणी पाहिलंय, पण आपण ज्या गोष्टी पाहतो त्या सगळ्या डोक्यात थोड्याच शिरतात! त्या पाकिटातला प्राणी मुळात पहिल्यांदा वेगळा काढला गेला तो माझ्या बागेपासून जेमतेम दहा किलोमीटरवर, डेल्फ्टमध्ये, हे मात्र आजोबांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ज्वारी-गव्हाला लावतात ते अझोटोबॅक्टरचं पाकीट, तेही त्याच माणसाचं. त्याचं नाव मार्टिनस विलेम बायेरिंक. तेव्हापासून मी या माणसाच्या मागे लागलो.

बायेरिंक १६ मार्च १८५१ ला ॲम्स्टरडॅममध्ये जन्मला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार होता, तो बुडाला. मग रेल्वेत नोकरी धरली आणि बिऱ्हाड हलवलं. मुलाला शाळेत घालायचं सोडून बाराव्या वर्षापर्यंत वडिलांनीच घरी शिकवलं. पोराला नाद झाडापाल्याचा. पण शिकायला गेला तो डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकमध्ये, रसायन तंत्रज्ञान! (ओढ एकीकडे आणि ॲडमिशन दुसरीकडे, हा प्रकार फक्त आपल्याकडेच असतो असं मला वाटायचं.) तिथे खोलीत जोडीदार होता फान्ट हॉफ, म्हणजे पुढे १९०१ साली रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल मिळवणारा. दोघं खोलीतच रसायनांचे प्रयोग करत. घरमालकिणीचं काय म्हणणं होतं हे वाचायला मला फार आवडलं असतं.

१८७२ ला पदवी झाली. पुढे वाखेनिंगनच्या शेतकी शाळेत मास्तरकी केली आणि त्या काळातच, १८७७ साली, लायडनची डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय काय, तर झाडावर किडींमुळे येणाऱ्या गाठी! मुळांवरच्या गाठी अजून दूर होत्या, पण झाडाच्या अंगात दुसरं कुणीतरी घर करतं आणि झाडच ते घर बांधून देतं, हे कोडं त्याला तेव्हापासून सुटत नव्हतं.

मास्तर म्हणून तो फारसा कुणाला आवडला नाही. शिकवण्याचा उत्साह दांडगा, पण जीभ तिखट. विद्यार्थ्यांना वाट्टेल तसा बोलायचा. मुलं नाराज, पालक नाराज, आणि मग हा स्वतःच खिन्न होऊन बसायचा. आमच्या कॉलेजातही एक असे सर होते. त्यांना सगळं यायचं, आणि आम्हाला काही येत नाही याचं त्यांना खरोखर दुःख व्हायचं.

१८८५ मध्ये त्याला डेल्फ्टच्या यीस्ट आणि स्पिरिटच्या कारखान्यात बोलावणं आलं. मालक फान मार्केन. द हेगहून डेल्फ्टला ट्रेनने जाताना शहर लागायच्या आधी रुळांच्या बाजूला जो कारखाना दिसतो, तोच हा. जवळच कामगारांसाठी बांधलेली आग्नेटापार्क वसाहतही आहे, मालकाच्या बायकोच्या नावाची. कारखान्यात बायेरिंकसाठी प्रयोगशाळा उभी केली. यीस्ट सुधारायचं, आंबवण्यात घुसणारे नको ते जंतू ओळखायचे, हे काम. पण फान मार्केनने त्याला स्वतःचं संशोधनही करू दिलं. आजच्या मॅनेजरनी हे वाचावं! याने काय केलं, तर दारूच्या कारखान्यात बसून शेंगवर्गीय झाडांची मुळं तपासायला घेतली.

तो काळ लक्षात घ्या. कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला होता आणि पाठोपाठ पटकीचा. जंतू म्हणजे शत्रू. शोधायचा तो मारण्यासाठी. आणि दुसरीकडे शेतकऱ्यांना हजारो वर्षं माहीत असलेली एक गोष्ट कुणाला नीट सांगता येत नव्हती. आपल्याकडे तिला बेवड म्हणतात. हरभऱ्याचा, तुरीचा, मुगाचा बेवड चांगला, म्हणजे त्यानंतर त्या रानात येणारं पीक जोमदार. डच शेतकरी क्लोव्हरबद्दल तेच म्हणायचा. का, ते ठाऊक नाही. हवेत ७८ टक्के नत्र असतं, पण झाडाला ते घेता येत नाही. मग द्विदल पिकांनाच नत्राची ददात का नसते? १८८६ मध्ये हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने सांगितलं की याचा संबंध मुळांवरच्या गाठींशी आणि मातीतल्या कुठल्यातरी सूक्ष्मजीवाशी आहे. पण कुठल्या? तो कुणी हातात धरला नव्हता.

बायेरिंकने धरला. गाठी बाहेरून निर्जंतुक करून फोडल्या आणि आतला चीक नेहमीच्या मांसाच्या रश्श्यावर न वाढवता, शेंगवर्गीय झाडांच्याच पानांच्या काढ्यात घट्ट केलेल्या जिलेटिनवर वाढवला. ज्याला जे घरी मिळतं ते खायला दिलं, एवढंच! १८८८ मध्ये त्याने हा जिवाणू जाहीर केला. आज त्याला रायझोबियम म्हणतात. दोन वर्षांनी त्याने उलटी परीक्षाही दिली. टाउनबोनच्या रोपांना हे जिवाणू मुद्दाम दिले आणि गाठी आणून दाखवल्या. म्हणजे आजोबांनी मला बागेत जे दाखवलं, त्याच झाडावर.

आत काय चालतं ते आता बरंच कळलंय. मूळ मातीत काही द्रव्यं सोडतं, जिवाणू ती ओळखतो आणि स्वतःचा निरोप धाडतो. मुळाचा केस वळतो, जिवाणू आत शिरतो आणि झाड त्याच्यासाठी खोली बांधतं. झाड साखर देतं, जिवाणू हवेतल्या नत्राचा अमोनिया करून देतो. हे काम करणाऱ्या एन्झाइमला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून गाठीत एक तांबडं द्रव्य असतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भावंडच, ते ऑक्सिजन आवरून धरतं. म्हणून चालू गाठ नखाने चिरली की आत गुलाबी दिसते. आणि हा पासवर्ड ज्याचा त्याला. टाउनबोनचा जिवाणू हरभऱ्याला चालत नाही. द हेगच्या मातीत हरभरा कुणी लावलाच नव्हता, तर त्याचा सोबती येणार कुठून?

नत्र बांधताना मात्र बायेरिंकला त्याचा जिवाणू दिसलाच नाही. झाडाबाहेर, नुसत्या बशीत, त्याने खूप खटपट केली आणि जमलं नाही. ते १९७५ मध्ये, ऑक्सिजन अगदी कमी ठेवून, दुसऱ्यांनी करून दाखवलं.

कारखान्यात त्याला रुखरुख असायची की आपण मालकाच्या फारसे उपयोगी पडत नाही. १८९५ मध्ये डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकमध्ये तो प्रोफेसर झाला आणि पुढे प्रयोगशाळाही मिळाली. १८९८ ला तंबाखूच्या पानांवरचा रोग घेतला. वडिलांचा धंदा ज्या पानाने बुडवला त्याच पानाने मुलाला नाव दिलं. रोगट रस पोर्सेलीनच्या गाळणीतून गाळला, ज्यातून जिवाणू जाऊ शकत नाही, तरी रोग होतोच. हे काहीतरी जिवंत आहे आणि जिवंत पेशीतच वाढतं, असं त्याने मांडलं आणि त्याला व्हायरस म्हटलं. हे द्रवरूप आहे असं त्याला वाटलं, ते चुकलं. पण शब्द आणि कल्पना टिकली. २०२० मध्ये आपण सगळे घरात बसून दिवसातून शंभर वेळा तो शब्द म्हणत होतो.

मला स्वतःला त्याची पद्धत सगळ्यात आवडते, कारण ती आम्हा प्रोग्रामर लोकांच्या डोक्याला पटते. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू, त्यातला हवा तो कसा शोधणार? याने शोधणंच बंद केलं. १९०१ साली एका बाटलीत पाण्याचा उथळ थर घेतला, त्यात मॅनिटॉल नावाची साखरेसारखी वस्तू आणि थोडं फॉस्फेट घातलं, नत्र अजिबात नाही, आणि वर चिमूटभर बागेची माती. उबेत ठेवून दिलं. ज्याला हवेतून नत्र घेता येतं तोच जगेल, बाकीचे उपाशी. दोन-तीन दिवसांत पाण्यावर साय धरली. डेटाबेसला अट घालावी आणि नेमकी हवी ती ओळ यावी, तसं! त्या सायीतले जाडजूड जिवाणू म्हणजे अझोटोबॅक्टर. यांना मुळात घर लागत नाही, मोकळ्या मातीतच राहतात. याच जातभाईंपैकी एक त्याला डेल्फ्टच्या कालव्याच्या पाण्यातही सापडला. त्याच गावात सव्वादोनशे वर्षांपूर्वी लेवेनहुकने भिंगातून पहिल्यांदा असले जीव पाहिले होते. १९०५ मध्ये बायेरिंकला लेवेनहुक पदक मिळालं.

नावाची एक गंमत. फ्रेंचमध्ये नत्राला अझोत म्हणतात, म्हणजे जीव नसलेलं. डचमध्ये स्टिकस्टॉफ, म्हणजे गुदमरवणारं. हा शब्द द हेगमध्ये राहणाऱ्याला २०१९ पासून चुकवता येत नाही. त्या वर्षी मे महिन्यात इथल्या राड फान स्टाटेने निकाल दिला की जनावरांचा अमोनिया आणि इतर धूर मिळून निसर्गात नत्र फार साठतंय, आणि जुन्या पद्धतीने परवाने देता येणार नाहीत. १ ऑक्टोबरला हजारो शेतकरी ट्रॅक्टर घेऊन मालीफेल्डवर उतरले. मी बाबांना फोटो पाठवले. ट्रॅक्टर बघून ते खूश झाले, पण नत्र जास्त झालंय हे त्यांना काही केल्या पटेना. आमच्याकडे ऐन पावसात युरियाच्या गोणीसाठी रांग लागते. युरियाच्या मुळाशी असलेलं हवेतलं नत्र पकडण्याचं तंत्र हाबरने १९०९ मध्ये करून दाखवलं, १९१३ मध्ये त्याचा कारखाना निघाला. बायेरिंक तेव्हा डेल्फ्टमध्येच होता. चारशे-पाचशे अंश उष्णता आणि प्रचंड दाब लावून जे होतं ते त्याचे जिवाणू थंड मातीत, झाडाला लागेल तेवढंच करत होते. मी काही युरियाच्या विरुद्ध नाही, त्या गोणीवर माझी फी भरली गेलीय. पण निम्म्या रानाला बेवड आणि पाकीट पुरलं तर काकांची रांग निम्मी होईल, असं मी घरी म्हणतो आणि तिथून वाद सुरू होतो.

बायेरिंकने लग्न केलं नाही. विज्ञान आणि संसार एकत्र होत नाही, असं त्याचं मत होतं, आणि ते तो इतरांवरही लादायचा. दोन बहिणी त्याच्याबरोबर राहिल्या. सोबत काम करणारे थोडेच. कुणाचं कुणाशी कसं जमतं हे मातीत ज्याने इतकं बारकाईने पाहिलं, त्याचं माणसांशी जमलं नाही, हे वाचताना मला वाईट वाटत राहिलं. माझी बायको म्हणाली की बहिणींना कुणी विचारलं का. त्याचं उत्तर मला देता आलं नाही.

१९२१ मध्ये सत्तरीला तो निवृत्त झाला आणि बहिणींना घेऊन गोर्सेल या खेड्यात गेला. १ जानेवारी १९३१ ला तिथेच वारला.

या वसंतात मी हरभऱ्याचं जिवाणू पाकीट इथेच मागवलं. पॉल क्रूगरलानच्या दुकानातून गूळ आणला. किचनच्या ओट्यावर बी चोळलं, वर्तमानपत्रावर सावलीत पसरलं आणि संध्याकाळी लावलं. जुलैत एक रोप उपटलं. गाठी होत्या! एक नखाने चिरली, आत गुलाबी. आजोबांना हाक मारली, तेही वाकून बघत राहिले. मुळांचा फोटो लगेच बाबांना पाठवला. त्यांचा उलट निरोप आला की मुळं बघितली, घाटे किती धरलेत ते सांग, आणि चांगलं रोप उपटलंस कशाला.