एदुआर ल्युका आणि त्याची एकोणचाळीस अंकी संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही संख्या नुसती वाचतानाच आपली, म्हणजे कला शाखेच्या मंडळींची, दमछाक होते. ती मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही निःशेष भाग जात नाही, हे १८७६ साली एका फ्रेंच शिक्षकाने हाताने आकडेमोड करून दाखविले. त्याचे नाव एदुआर ल्युका.

ल्युकाचा जन्म १८४२ साली आमियाँ या गावी झाला. पॅरिसला शिक्षण, तेथील वेधशाळेत नोकरी, १८७० च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात तोफखान्यातील अधिकारपद आणि युद्ध संपल्यावर शाळामास्तरकी, असा त्याचा प्रवास झाला.

मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली एक यादी दिली होती. दोनचा ठरावीक घात करून त्यातून एक वजा केला की मूळ संख्या मिळते, असे त्याचे म्हणणे. यादीत ६७ आणि १२७ हे घातांक होते. पुरावा मात्र नव्हता. एकेक विभाजक घेऊन भागून पाहायचे, तर १२७ साठी सात जन्मही पुरले नसते!

ल्युकाने विभाजक शोधण्याचा नादच सोडला. त्याच्या रीतीला लेमरने पुढे दिलेले रूप आपल्यालाही पेलण्यासारखे आहे. ४ घ्यावेत, वर्ग करून २ वजा करावेत, मूळ आहे की नाही हे पाहायच्या संख्येने भागून बाकी ठेवावी आणि पुन्हा तेच करीत जावे. दोनच्या पाचव्या घातातून एक वजा केल्यास ३१ येतात. त्यासाठी पदे ४, १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२. त्यास ३१ ने निःशेष भाग जातो. म्हणून ३१ मूळ. घातांक ५, तर निकाल चौथ्या पदाला. १२७ साठी अशी सव्वाशेच्या वर पदे! ल्युकाने त्यासाठी द्विमान पद्धत वापरून १२७ गुणिले १२७ घरांचा पटच मांडला.

६७ च्या संख्येने मात्र दगा दिला. ती मूळ नाही, हे ल्युकाला कळले. पण तिचे विभाजक कोणते, ते त्या रीतीतून कळत नाही. ते १९०३ साली कोल या अमेरिकन गणितज्ञाने दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. अपराधी न सापडताच अपराध सिद्ध व्हावा, तसा हा प्रकार मला सर्वांत विलक्षण वाटतो.

‘हनोईचा मनोरा’ हे खेळणेही ल्युकाचेच. १८८३ साली त्याने ते स्वतःच्या नावागावाची अक्षरे उलटसुलट करून सयामच्या क्लाउस या नावाने विकायला आणले. काशीच्या देवळातील चौसष्ट सुवर्णचकत्यांची गोष्टही त्याला जोडली गेली. त्या चकत्या हलवायला लागणाऱ्या खेळ्या म्हणजे दोनचा चौसष्टावा घात उणे एक. खेळण्यातही तीच जात!

१८९१ साली एका मेजवानीत वाढप्याच्या हातून थाळी फुटली. उडालेला तुकडा ल्युकाच्या गालाला लागला, जखम चिघळली आणि ३ ऑक्टोबरला, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, तो गेला. त्याची एकोणचाळीस अंकी संख्या ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी म्हणून पुढेही साठ वर्षे टिकली; १९५१ साली गणनयंत्रांनी तिला मागे टाकले.