लोकमान्य टिळक आणि पंचांगाचा वाद: 2023 मध्ये काही घरी गणपती महिनाभर आधी का बसले?

2023 मध्ये महाराष्ट्रात बहुतेक घरी गणपती 19 सप्टेंबरला बसले. पण कोकणातल्या आणि पुण्यातल्या काही घरांत ते 20 ऑगस्टलाच आले होते. ही घरं टिळक पंचांग पाळतात. हे टिळक म्हणजे लोकमान्यच.

गणिताचे टिळक

23 जुलै 1856 रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचा आवडीचा विषय गणित. डेक्कन कॉलेजात त्यांना केरूनाना छत्रे हे शिक्षक लाभले. त्या काळची पंचांगं 1520 च्या सुमाराच्या 'ग्रहलाघव' ग्रंथावरून बनत आणि त्यातल्या ग्रहणाच्या वेळा प्रत्यक्ष ग्रहणाशी जुळत नसत. छत्र्यांनी पाश्चात्त्य कोष्टकांच्या आधारे नवं गणित मराठीत आणलं. 1865 पासून त्यावर पटवर्धनी पंचांग निघू लागलं. गुरूंचं हे काम टिळकांनी पुढे नेलं.

चूक कुठे होती?

बारा चांद्रमासांचे दिवस होतात 354, म्हणजे सौरवर्षापेक्षा 11 कमी. इंग्रजी कॅलेंडर 400 वर्षांत 97 लीप दिवस वाढवून हिशेब जुळवतं. आपण साधारण 32-33 महिन्यांनी अख्खा महिनाच वाढवतो. कोणता, ते सूर्य ठरवतो: ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक मास.

म्हणजे सूर्याची संक्रांत चुकली की महिना चुकतो, आणि महिन्याबरोबर सण. सूर्यसिद्धान्तातलं वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठं आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हजार वर्षांत ही चूक जवळजवळ अडीच दिवसांची होते.

लातूरचा कारखाना आणि मुंबईची परिषद

1891 च्या सुमारास टिळकांनी भागीदारीत लातूरला सरकी काढण्याचा कारखाना घातला. लातूर, नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथे सरकारी कागदांवर फसली साल, घरात शालिवाहन शक आणि इंग्रजांशी व्यवहार इसवी सनात, अशी तिहेरी मोजणी चाले.

1893 मध्ये त्यांचा 'ओरायन' ग्रंथ आला. वसंतसंपाताची जागा हळूहळू सरकते, या तत्त्वावरून त्यांनी त्यात वेदांचा काळ मांडला. 'केसरी'तून पंचांगशुद्धीचा आग्रह सुरूच होता. 1904 मध्ये मुंबईत भरलेल्या ज्योतिष परिषदेतही त्यांनी भाग घेतला.

पंचांग आकाशाशी जुळलं पाहिजे, यावर सुधारकांचं एकमत होतं. भांडण होतं ते राशिचक्र कुठून मोजायचं यावर. टिळकांनी छत्र्यांप्रमाणेच रेवतीच्या ताऱ्यापासून मोजायचं ठरवलं. व्यंकटेश बापूजी केतकरांसारखे विद्वान चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू धरत. दोन्हींत अंतर सुमारे चार अंशांचं. सूर्य रोज साधारण एक अंश सरकतो, म्हणून टिळक पंचांगात मकर संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येते आणि इतरत्र 14-15 जानेवारीला.

2023 चं कोडं इथेच सुटतं. 18 जुलै ते 16 ऑगस्ट या चांद्रमासात चित्रापक्षाच्या हिशेबाने संक्रांत नव्हती, कारण सिंह संक्रांत 17 ऑगस्टला होती. म्हणून तो अधिक श्रावण ठरला. टिळक पंचांगात हीच संक्रांत चार दिवस आधी, महिन्याच्या आतच पडली. त्यामुळे तो नेहमीचा श्रावण झाला आणि पुढे लगेच भाद्रपद आला.

निकाल काय लागला?

1 ऑगस्ट 1920 रोजी टिळक गेले. स्वतंत्र भारतात मेघनाद साहा यांच्या समितीने 1955 च्या अहवालात चित्रापक्ष स्वीकारला. सोलापूरचं दाते पंचांगही त्याच पक्षाचं. प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं गणित, ही टिळकांची मुख्य मागणी आज बहुतेक मराठी पंचांगांनी मान्य केली आहे. आरंभबिंदू मात्र त्यांनी टिळकांचा घेतला नाही. तारा कुठे आहे हे दुर्बीण सांगते, पण मोजणी कुठून सुरू करायची हे माणसांनाच ठरवावं लागतं.