नरसीचे शिंपी श्रीनामदेव

हिंगोलीपासून थोड्या अंतरावर, कयाधू नदीच्या काठी, नरसी नावाचे गाव आहे. पूर्वी त्यास नरसी बामणी म्हणत. आता ते नरसी नामदेव या नावानेच ओळखले जाते. एखाद्या गावाने आपल्या नावास राजाचे अथवा सरदाराचे नाव जोडावे यात नवल नाही. परंतु या गावाने जोडून घेतले ते एका शिंप्याचे नाव होय. त्या थोर पुरुषाचे चरित्र आमच्या वाचकांनी कीर्तनांतून व पाठ्यपुस्तकांतून ऐकले-वाचले असेलच. आज आम्ही ते निराळ्या बाजूने सांगू इच्छितो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरी दुकान, शिवणकाम किंवा दुसरा काही पिढीजात उदीम चालतो. वडिलांचा धंदा एकीकडे आणि मनाची ओढ दुसरीकडे, असा पेच त्यांपैकी कित्येकांस पुढे पडेल. तोच पेच नामदेवांसही पडला होता.

परंपरेप्रमाणे नामदेवांचा जन्म शके 1192, म्हणजे इसवी सन 1270 साली, कार्तिक शुद्ध एकादशीस झाला. काही अभ्यासक पंढरपूर हे त्यांचे जन्मस्थान मानतात. तथापि घराण्याचे मूळ गाव नरसी, याविषयी परंपरेचा निर्वाळा आहे. वडिलांचे नाव दामाशेटी व आईचे गोणाई. कपडे शिवणे आणि कापड विकणे हा या घराचा व्यवसाय. आणि पंढरीची वारी हा त्यांचा कुलाचार. पुढे हे कुटुंब पंढरपुरासच राहू लागले. गज, कात्री आणि सुईदोरा यांच्या सहवासात नामदेव वाढले. त्याच घरी गोदाकाठच्या गंगाखेडची एक पोर लहानपणी कामास येऊन राहिली. तीच पुढे संत जनाबाई म्हणून प्रसिद्धीस आली.

दामाशेटींची साहजिकच अशी इच्छा होती की, मुलाने गज हाती धरावा व दुकान पुढे चालवावे. परंतु नामदेवांचे चित्त विठ्ठलाच्या राउळी गुंतलेले. त्यांच्या व्यापाराविषयी एक कथा सांगतात. वडिलांनी त्यांस कापड देऊन बाजारास धाडले. गिऱ्हाइकांशी घासाघीस करणे त्यांच्याने होईना. अखेर त्यांनी रानातील धोंड्यांनाच कापड उधार दिले आणि जामीन म्हणून एक धोंडा घरी आणला. दामाशेटी संतापले, परंतु पाहतात तो धोंड्याचे सोने झालेले! त्यावर हक्क सांगत लोक दारी आले, तेव्हा नामदेवांनी सोन्याचा लोभ न धरता आपल्या कापडाची किंमत तेवढी मागून घेतली. ही कथा आहे, इतिहास नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु धंद्यात कच्च्या ठरलेल्या या मुलास लबाडी मात्र शिवली नव्हती, हे तिच्यावरून दिसते. सोने समोर असताना मालापुरतेच दाम मागणारा दुकानदार कोणत्याही काळी दुर्मिळच.

नामदेवांचा विवाह राजाईशी झाला. नारा, विठा, गोंदा आणि महादा असे चार पुत्र व लिंबाई ही कन्या, असा त्यांचा संसार वाढला. खाणारी तोंडे वाढली आणि घरचा कर्ता पुरुष मात्र वाळवंटात कीर्तनात दंग. शिवणकाम पडून राहिले. गोणाईने मुलाला दोष दिला आणि राजाईने आपले गाऱ्हाणे थेट रुक्मिणीपुढे मांडले, असे परंपरेत वर्णन आहे. राजाईने परिसा भागवतांच्या घरचा परीस मागून आणला, तर नामदेवांनी तो चंद्रभागेच्या डोहात टाकून दिला, अशीही कथा प्रसिद्ध आहे. कीर्तनात ही कथा ऐकताना श्रोते हसतात. आम्हांस मात्र वाटते की, येथे क्षणभर थांबून राजाईच्या चुलीकडेही पाहावे. तिची तक्रार क्षुल्लक नव्हती. धर्मनिष्ठेची किंमत एकटा भक्त देत नाही. त्याच्या घरची माणसेही ती देत असतात.

नामदेवांच्या आयुष्यास खरे वळण लागले ते गुरुभेटीने. तेर येथे संतमेळा जमला असता गोरोबा कुंभारांनी आपल्या थापटण्याने प्रत्येकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, असे सांगतात. त्या बोलाने व्यथित होऊन ते गुरूच्या शोधात औंढा नागनाथ येथे आले. हे क्षेत्र आज हिंगोली जिल्ह्यातच आहे. तेथे विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले दिसले. जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव, असे त्यांनी सुचविले. आणि देवाविना रिकामी जागाच नाही, हे नामदेवांस उमगले. देव केवळ पंढरपुराच्या राउळात आहे ही समजूत गळून पडताच त्यांस सारा देश मोकळा झाला.

तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. इसवी सन 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. त्याच वर्षी ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. ज्ञानेश्वरांसह नामदेवांनी तीर्थयात्रा केली होती. त्या यात्रेचे व समाधिसोहळ्याचे वर्णन नामदेवांच्या नावावरील अभंगांतून आपणांस मिळते. राज्ये कोसळत असता लोकांस एकत्र राखण्याचे कार्य या शिंप्याने टाळ-वीणा हाती घेऊन केले. त्यांच्या मेळ्यात कुंभार, माळी, सोनार, न्हावी, दासी सर्वांना स्थान होते. इसवी सन 1338 मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीखाली सापडून चोखामेळा मृत्यू पावले. तेव्हा नामदेवांनी तेथे जाऊन त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधविली, असे परंपरा सांगते. ज्यास जिवंतपणी देवळाची पायरी चढू दिली नाही, त्याची समाधी देवाच्या दारी आली. आमच्या मते नामदेवांच्या चरित्रातील हा प्रसंग कोणत्याही चमत्काराहून मोठा आहे.

पुढे नामदेव उत्तरेकडे गेले आणि पंजाबात दीर्घकाळ राहिले. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्याने प्रसिद्ध आहे. तेथील लोकांस समजेल अशा भाषेत त्यांनी पदे रचिली. गुरू अर्जुनदेवांनी 1604 साली शिखांचा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात नामदेवांच्या 61 पदांचा समावेश झाला. पंजाबातील शिंपी व कापड छापणारे छींबा लोक त्यांस आजही आपले मानतात. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे 88वे अधिवेशन याच घुमान गावी भरले होते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. नामदेवांनी वडिलांचा धंदा सोडला काय? त्या ग्रंथातील एका पदात त्यांनी गज, कात्री, सुई आणि दोरा यांचीच रूपके करून नामस्मरण वर्णिले आहे. पंढरपूर सोडून शेकडो कोस दूर गेल्यावरही त्यांच्या तोंडी दामाशेटींच्या दुकानातीलच शब्द येत होते. आपण शिंपी आहोत, हे त्यांनी कधी लपविले नाही. त्यांच्या घरीही एक नवल घडले. गोणाई, राजाई, मुले, सुना आणि जनाबाई या सर्वांच्या नावावर अभंग आढळतात. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सर्वांनी मिळून कपडे शिवले, त्या घरात सर्वांनी मिळून अभंग रचिले. राजाईचे गाऱ्हाणेही त्या गाथेतून कोणी वगळले नाही. नवऱ्याच्या भक्तीसोबत बायकोची तक्रारही लोकांनी जपून ठेविली.

शके 1272, इसवी सन 1350 मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवांनी देह ठेविला. पंढरपूरच्या मंदिरात महाद्वाराची पहिली पायरी नामदेवांची म्हणून ओळखली जाते. येणाऱ्या संतसज्जनांची पायधूळ लागावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली आणि त्यांच्या घरची माणसेही तेथेच विसावली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे.

विद्यार्थ्यांनो, दुकानाकडे पाठ फिरविणे म्हणजे नामदेवांचे अनुकरण नव्हे. मालापुरतेच दाम घ्यावे, आपल्या कामाची लाज बाळगू नये, आणि ज्यास कोणी जवळ करीत नाही त्याच्यासाठी स्वतः चालत जावे, हे त्यांचे खरे अनुकरण होय. आणि पालकहो, आपला मुलगा आपल्या गजाने मापला जात नसेल, तर दामाशेटींचे स्मरण करावे. कधी नरसीस जाण्याचा योग आला, तर आमच्या वाचकांनी नामदेवांस वंदन करावेच. परंतु ज्यांनी त्यांचा संसार सांभाळला त्या गोणाईस व राजाईसही एक नमस्कार करण्यास विसरू नये, एवढीच आमची विनंती आहे.