केरीचा कर्णधार : डिक फिट्झगेराल्ड

आयर्लंडच्या नैर्ऋत्येस असलेल्या केरी काउंटीने 2025 मध्ये गेलिक फुटबॉलचे अखिल आयर्लंड अजिंक्यपद 39 व्यांदा पटकावले. अन्य कोणत्याही काउंटीला हा आकडा गाठता आलेला नाही. या परंपरेचा पाया घालणाऱ्यांत डिक फिट्झगेराल्ड यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

त्यांचा जन्म 1882 मध्ये किलार्नी येथे झाला. दोनच वर्षांनी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. ब्रिटिश अमलाखालील आयर्लंडमध्ये देशी खेळांना मानाचे स्थान मिळवून देणे, हा तिचा हेतू होता. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातांनी आणि पायांनी खेळला जातो. तो आडव्या दांडीवरून गेल्यास सामान्यतः एक गुण, तर दांडीखालून जाळ्यात गेल्यास तीन गुण मिळतात.

किलार्नीच्या डॉ. क्रोक्स संघातून फिट्झगेराल्ड पुढे आले. 1903 ची राष्ट्रीय स्पर्धा रेंगाळत 1905 मध्ये पूर्ण झाली. किल्डेअरविरुद्धचा निकाल लागण्यास तीन सामने खेळावे लागले आणि अखेर केरीने आपले पहिले अजिंक्यपद मिळवले. त्या विजयी संघात फिट्झगेराल्ड होते. 1904 आणि 1909 च्या विजेतेपदांतही त्यांचा वाटा होता. 1910 मध्ये मात्र रेल्वे कंपनीशी प्रवासाच्या सोयींवरून वाद झाल्याने केरीने अंतिम सामन्यास जाण्यास नकार दिला आणि अजिंक्यपद न खेळताच लाउथकडे गेले. 1913 मध्ये आर्चबिशप क्रोक यांच्या स्मारकनिधीसाठी झालेल्या स्पर्धेत हेच दोन संघ समोरासमोर आले. पहिला सामना बरोबरीत सुटला, दुसरा केरीने जिंकला. या सामन्यांच्या उत्पन्नामुळे असोसिएशनला डब्लिनमधील मैदान विकत घेता आले. तेच आजचे क्रोक पार्क.

1913 आणि 1914 मध्ये फिट्झगेराल्ड यांच्या नेतृत्वाखाली केरीने वेक्सफर्डला नमवून सलग दोन अजिंक्यपदे मिळवली. 1914 मध्येच या खेळाच्या तंत्रावर त्यांनी लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रत्येक जागेवरील खेळाडूचे कर्तव्य, परस्परांतील समन्वय आणि सराव यांचा त्यात विचार आहे. दांडगाईने खेळणे ही या खेळाची गरज नव्हे, अशी त्यांची धारणा होती. रांगड्या समजल्या जाणाऱ्या खेळाला शास्त्र देण्याचा तो आरंभीचा प्रयत्न होता.

1916 च्या ईस्टर उठावानंतर ब्रिटिश सरकारने त्यांना वेल्समधील फ्रॉनगॉख छावणीत स्थानबद्ध केले. तेथेही कैद्यांनी फुटबॉलचे सामने भरवले आणि फिट्झगेराल्ड केरीच्या कैद्यांचे कर्णधार झाले. छावणीच्या तारेआडही काउंटीचा संघ उभा राहिला.

26 सप्टेंबर 1930 रोजी किलार्नीच्या न्यायालयाच्या छतावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. मोनहनविरुद्धच्या अंतिम सामन्यास अवघे दोन दिवस उरले होते. शोकाकुल केरी संघ मैदानात उतरला आणि त्याने मोनहनला केवळ दोन गुण मिळू देऊन मोठा विजय मिळवला. 1929 ते 1932 या काळात सलग मिळवलेल्या चार अजिंक्यपदांपैकी ते दुसरे होते.

1936 मध्ये किलार्नीत त्यांच्या नावाचे क्रीडांगण खुले झाले. ते उभारताना शेजारच्या मनोरुग्णालयातील रुग्णांनीही श्रम केले होते. केरीचे महत्त्वाचे सामने आजही या मैदानावर खेळले जातात.